डावा गाल, उजवा गाल

३ जून, सोमवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. रोज काय खाल्लं, कधी झोंबलं, कुठलं औषध लावलं ते लिहायचं आणि पुढच्या वेळी दाखवायचं. दाखवायला मी वेगळी स्वच्छ वही करीन. ही माझी. हिच्यात मनाला येईल ते लिहिणार.

दुखणं असं, की दोन्ही गालांना आतून पांढरी जाळी आलीय आणि मधेमधे लालभडक सोललेलं आहे. टोमॅटोची फोड लागली तरी डोळ्यांत पाणी येतं. बाई म्हणाल्या, ही सूज आहे, संसर्ग नाही. लायकेन म्हणतात, किंवा त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काहीतरी. "कारण सापडलं तर उत्तम. तोवर हे स्टिरॉइडचं मलम." आणि हातावर एवढीशी ट्यूब ठेवली. मी टेबलावर नजर फिरवली, तर पेन, कॅलेंडर, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांवर त्याच मलमाच्या कंपनीचं नाव. म्हटलं, वा! पाणी कुठं मुरतंय ते शोधायचीही गरज नाही.

"नोकरी काय करता?" बाईंनी विचारलं.

"चहाच्या कंपनीत. कारकुनी," मी ठोकून दिलं.

खरं सांगायला मी काय खुळी आहे? सव्वीस वर्षं मी तिथं चहा चाखते. चाखणाऱ्यांत पहिली खुर्ची माझी. माझं तोंड आलंय हे एकदा कागदावर चढलं आणि तो कागद ऑफिसात पोचला, की मी दुसऱ्या दिवशी गोदामात पोती मोजायला. नव्या पोरीला मीच पहिल्या दिवशी बजावलं होतं, "ज्याचं तोंड गेलं त्याची खुर्ची गेली, लक्षात ठेव." ही पोरगी म्हणजे मुंगी, माझ्या हाताखालची दुसरी चाखणारी. एवढीशी आहे आणि सारखी कामात असते, म्हणून सगळे मुंगी म्हणतात. तीन वर्षांत चांगली तयार झालीय. जरा जास्तच चांगली.

बाईंनी एक छापील कागदही दिलाय. 'टाळा: तिखट, आंबट, कढत, तंबाखू, पुदिना, दालचिनी.' प्रत्येकापुढे खातो की नाही ते लिहायचं. मी सगळ्यांपुढे 'नाही' लिहिलं. दालचिनी तर आमच्या घरात औषधालाही नाही.

आज खाल्लं: मऊ भात, दूध, उकडलेला बटाटा. झोंबलं: ऑफिसात दिवसभर. घरी कमी.

५ जून, बुधवार

लाल डब्याची आज तेरावी खेप चाखली. लाल डबा म्हणजे माझा चहा. माझा म्हणजे खराच माझा. दोन वर्षं खपून जमवलेलं मिश्रण आहे, वर दालचिनीच्या तेलाचा फवारा. ऑगस्टच्या बारा तारखेला बाजारात येणार आणि डब्यावर माझी सही छापणार. सव्वीस वर्षांत कंपनीनं कुणाची सही छापलेली नाही.

पण आज दालचिनी फिकी लागली. ड्रमला चार मापं तेल घालायचं ठरलंय, तेवढंच घातलं होतं. तेलवाला पाणचट माल पाठवतोय, दुसरं काय! मी पाच मापं करायला सांगितलं.

मुंगी पेन्सिल चावत म्हणाली, "ताई, मला तर तिखटच लागतंय."

"तू अजून लहान आहेस," म्हटलं, आणि तिनं शेऱ्यात 'तिखट' लिहिलं होतं ते खोडलं. म्हणून तर मी तिला पेन्सिलनं लिहायला लावते.

आज खाल्लं: मऊ भात, केळं. (चहा खाण्यापिण्यात धरत नाही. चमच्यानं सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि चाकाच्या पिकदाणीत थुंकायचा. दिवसाला दोनशे कप होतात, पण घोट एकही घशाखाली जात नाही.)

११ जून, मंगळवार

वन्सं आल्या. म्हणजे वादळ आलं. ह्यांच्या थोरल्या बहीण, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि आता सगळ्या जगाला शिकवतात. आल्या आल्या माझं तोंड उघडायला लावलं आणि मलमाची ट्यूब चिमटीत धरून अशी उचलली, जशी मेलेली पाल.

"स्टिरॉइड? अगं, आईचं काय झालं ते विसरलीस?"

विसरेन कशी? सासूबाईंनी दम्यासाठी वर्षानुवर्षं त्या गोळ्या खाल्ल्या. चेहरा चंद्रासारखा सुजला, हाडं ठिसूळ झाली. शेवटी न्हाणीघरात नुसत्या टेकल्या तर मनगट मोडलं. त्यांना उचलायला मी आणि वन्संच होतो.

मग पिशवीतून त्यांचं औषध निघालं. एन्झाइमचं जेल. शाळेत आम्हाला 'विकर' म्हणून शिकवलं होतं तेच. "आपल्या लाळेत हीच एन्झाइमं असतात," म्हणाल्या. "नैसर्गिक. शरीराला शरीराचंच परत द्यायचं." झाकणावर हिरवं पान, आत पांढरट चिकट. मी जिभेवर घेऊन बघितलं. किंचित गोड, मागून साबणासारखं, आणखी काही नाही. भेसळ असती तर मला कळलीच असती.

पण वन्सं एवढ्या मागं का लागल्यात? त्यांना या कंपनीकडून काही मिळतं का? ह्यांना विचारलं तर डोळ्याचं भिंग न काढता म्हणाले, "ताईला कशाला कोण काय देईल?" हे घड्याळं दुरुस्त करतात. बहिणीचा विषय निघाला की घड्याळात आणखी खोल शिरतात.

१८ जून, मंगळवार

ठरलं. बाईंवर विश्वास नाही आणि वन्संवरही नाही. माझा विश्वास माझ्या धंद्यावर. दोन चहांत चांगला कुठला असा प्रश्न पडला, तर आम्ही भांडत बसत नाही. दोन कप शेजारी मांडतो.

तेव्हा डाव्या गालाला स्टिरॉइड, उजव्या गालाला एन्झाइम. आधी कापसानं गाल कोरडा करायचा, पातळ थर लावायचा आणि अर्धा तास काही खायचं नाही. कुणालाही सांगितलेलं नाही, फक्त ह्यांना, कारण गाल तपासायला माणूस लागतो. रोज जेवणाआधी हे डोळ्याला भिंग लावतात, बॅटरी धरतात आणि कागदावर दोन्ही जाळ्यांचं चित्र काढतात. घड्याळाचे दाते काढल्यासारखी बारीक रेघ. म्हणाले, "एवढी वर्षं झाली लग्नाला, तुझं तोंड इतका वेळ उघडं आणि तरी गप्प, असं पहिल्यांदाच बघतोय." बॅटरी धरली होती म्हणून वाचले.

दुपारचं मलम ऑफिसात लावावं लागतं. त्यासाठी दुसरी ट्यूब आणून माझ्या खणात ठेवलीय.

२० जून, गुरुवार

दोन्ही गाल सारखेच वाईट. लाल डबा अजून फिका. सहा मापं केली. तेलवाल्याला कडक पत्र धाडलं. त्याचं उत्तर आलं, 'बाई, तेल तेच आहे.' चोर कधी म्हणतो का, मी चोर म्हणून!

२९ जून, शनिवार

चमत्कार! चाखायची खोली सोमवारपासून रंगवायला काढली होती, त्यामुळे आठवडाभर मी घरीच होते, आणि औषधं मिनिटामिनिटाला वेळेवर. ह्यांच्या चित्रात जाळी निम्मी झालीय. डावीकडे निम्मी आणि उजवीकडेही निम्मी. हे म्हणाले, "दोन्ही सारखी. अगदी एका साच्यातली."

मी खूश व्हायला हवं होतं. टोमॅटो खाल्ला मी आज, सहा महिन्यांनी! पण डोक्यात किडा वळवळायला लागला. दोन वेगळी औषधं, मग गुण काट्यावर मोजल्यासारखा सारखा कसा? एकच अर्थ होतो. वन्संच्या त्या नैसर्गिक जेलमध्ये चोरून स्टिरॉइड कालवलेलं आहे.

हिरवं पान म्हणे!

१ जुलै, सोमवार

जेलचा थोडा नमुना कंपनीच्या रसायनवाल्याला दिला. त्याला सांगितलं, भाचीचं आहे. खोलीला रंगाचा वास येतोय, तरी कामाला सुरुवात. दीडशे कप झाले, त्यातले चाळीस लाल डब्याचे.

४ जुलै, गुरुवार

झोंबतंय. दोन्हीकडे.

८ जुलै, सोमवार

रसायनवाल्याचा कागद आला. स्टिरॉइड नाही. मी दोनदा विचारलं तर म्हणाला, "ताई, मी यंत्रावर तपासलंय, जिभेवर नाही." फार हसला स्वतःच्याच विनोदाला.

म्हणजे वन्संनी खरं सांगितलं होतं. मग उजवा गाल बरा कशानं झाला? आणि बरा झालेला परत बिघडला कशानं? यालाही कुणीतरी गाठलेलं असणार. वन्संचा एक जुना विद्यार्थी आमच्या कंपनीत आहे असं त्या मागं म्हणाल्या होत्या. हाच तो नसेल कशावरून?

मुंगी हल्ली चिडीचूप असते. आधी जेवताना बडबड करायची. आता गार दूध पिते आणि खिडकीबाहेर बघते. विचारलं तर म्हणते, "दात दुखतोय." माझ्या खुर्चीची स्वप्नं बघत असेल.

१७ जुलै, बुधवार

माझ्या औषधाला कुणीतरी हात लावतंय.

ट्यूब मला हलकी लागली. मी दुपारी एकदाच डाळीएवढं घेते, ती इतकी कशी संपेल? चहा तोलायचा आमचा नाजूक काटा आहे, त्यावर काल घरी निघताना तोलली. अकरा पॉइंट चार ग्रॅम. आज सकाळी आल्यावर तोलली. अकरा पॉइंट एक ग्रॅम.

कपाळ गरम झालं माझं. खोलीची किल्ली दोघींकडेच असते, माझ्याकडे आणि मुंगीकडे.

२३ जुलै, मंगळवार

कामाच्या पाच दिवसांची वजनं लिहून ठेवलीत. रोज माझ्यामागं ट्यूब थोडी थोडी कमी होते. आता सगळं लख्ख दिसतंय. मुंगी मलम काढून नळात सोडते. मला गुण येऊ नये, सही छापायच्या आत माझं तोंड साफ जावं आणि खुर्ची आयती मिळावी. आणि समोर कशी साळसूद! सकाळी माझ्या चमच्याला कढत पाणी घालून ठेवते.

तिला हाताला धरून शिकवलं मी. सुर्रकन ओढताना तिला ठसका लागायचा, तर पाठीवर हात मीच फिरवायची. लिहिताना पेननं कागद फाटलाय. रागानं आणि नुसत्या रागानं नाही.

लाल डबा: आठ मापं. आज कुठं जरा दालचिनी लागली. मुंगीनं शेऱ्यात काहीच लिहिलं नाही. कप ठेवला आणि बाहेर गेली.

३० जुलै, मंगळवार

आजचं नीट लिहायचंय. घाई करायची नाही.

दुपारी साहेबांकडे बैठक आहे असं मुंगीला सांगितलं आणि निघाले. जिन्यात दहा मिनिटं थांबले आणि चपला हातात घेऊन परत आले. खोलीत कुणी नव्हतं. खण अर्धवट उघडा. पलीकडे कप धुवायच्या मोरीत दिवा लागलेला. म्हटलं, सापडली!

दार ढकललं. मुंगी नळापाशी नव्हती. खिडकीच्या काचेसमोर उभी होती, एका बोटानं गाल ओढून धरलेला, दुसऱ्या हातात कापूस. आधी गाल कोरडा केला. मग बोटाच्या टोकावर डाळीएवढं मलम घेऊन आत लावलं. अगदी मी लावते तसं. लावताना डोळे मिटले तिनं.

नळात सोडायला कुणी कापूस आणत नाही. एवढं मला त्या क्षणीही कळलं.

काचेत मी दिसले तशी ती दचकली. ट्यूब पडली.

"ताई, मी नवीन आणून देणार होते. शप्पत."

"काय झालंय तुला?"

"काही नाही."

"तोंड उघड."

"ताई, नको ना..."

"उघड म्हणते ना!"

पर्समध्ये ह्यांची बॅटरी होती. बघितलं. पांढरी जाळी. दोन्ही गालांना. मधे लाल. हेच चित्र गेले सहा आठवडे हे माझ्या समोर बसून रेखाटतायत. माझंच तोंड दुसऱ्याच्या चेहऱ्यात बघितल्यासारखं झालं.

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. तुम्हीच म्हणाला होतात, तोंड गेलं की खुर्ची गेली. घरी सगळे माझ्या पगारावर आहेत, ताई. तुमच्या खणात मलम दिसलं, त्यावरचं वाचलं, म्हणून..."

मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "शनिवारी-रविवारी बरं असतं. इथं आलं की पेटतं."

मी धपकन स्टुलावर बसले. ही वही पिशवीतच होती. मुंगीविरुद्ध पुरावा म्हणून बरोबर आणली होती, साहेबांना वजनं दाखवायला. ती काढली आणि तिच्यासमोरच पहिल्या पानापासून वाचली. 'ऑफिसात दिवसभर. घरी कमी.' खोली रंगवायला काढली तो आठवडा. त्यानंतरचा चार जुलै. चार मापं, पाच, सहा, आठ. छापील कागदावरचं शेवटचं नाव, आणि त्यापुढं माझ्या ठसठशीत अक्षरात 'नाही'.

आम्ही दालचिनी खात नव्हतो. आम्ही ती दिवसाला चाळीस वेळा तोंडभर फिरवत होतो आणि थुंकत होतो.

आणि तेल पाणचट नव्हतंच. माझी जीभ बधिर झाली होती. जितकी बधिर, तितकं तेल मी वाढवत गेले आणि तेच या पोरीच्या तोंडात ओतत राहिले. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, तिखट लागतंय. मी खोडरबर घेतलं.

लाज वाटली. इतकी की मोरीतला नळ सोडला आणि तोंड धुवायच्या निमित्तानं रडून घेतलं. मुंगी मागून माझ्या पाठीवर हात फिरवत होती.

१ ऑगस्ट, गुरुवार

दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मुंगीला विचारलं, "नोकरी काय करता?" ती माझ्याकडे बघायला लागली.

"आम्ही दोघी चहा चाखतो," मी म्हटलं. "मी मागच्या वेळी खोटं बोलले."

वही दिली. हीच. स्वच्छ वही करायला वेळ नव्हता, आणि आता लपवायचं काय? बाईंनी सगळी वाचली. पेन, कॅलेंडर आणि घड्याळाचंही वाचलं. एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांना हसू आलं. दोन गालांच्या कसोटीपाशी मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, तोंड म्हणजे दोन कप नव्हेत. लाळ इकडचं तिकडे नेतेच की. तुम्ही तर तोंडभर फिरवण्यात पटाईत!"

हे मला सुचू नये? मला?

मग नीट समजावलं. एन्झाइमचं जेल वाईट नाही, कोरड्या तोंडाला त्यानं आराम पडतो, पण ही जाळी त्यानं हटेल असं त्या म्हणणार नाहीत. मलमानं सूज उतरते. थोडे दिवस वरून लावायचं मलम म्हणजे सासूबाईंनी वर्षानुवर्षं गिळलेल्या गोळ्या नव्हेत, पण दुसऱ्याच्या खणातून घेऊन लावायची ती वस्तूही नव्हे. मुंगीला चांगलंच झापलं. "पण तुम्ही काहीही लावलं असतं तरी रोज सकाळी नवी आग लावत होता. आधी दालचिनी बंद. महिन्यानं बघू. नाही गेली, तर तुकडा काढून तपासू."

संध्याकाळी वन्संना फोन करून सगळं सांगितलं, जेल तपासायला दिलं होतं तेही. त्या म्हणाल्या, "मला काय मिळणार होतं गं त्यातून? तुझा चेहरा आईसारखा होईल म्हणून धसका घेतला होता मी." रविवारी जेवायलाच या म्हटलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

साहेबांकडे गेले. डबे छापून आले होते, टेबलावर एक ठेवलेला. लाल, देखणा, आणि खाली माझी वळणदार सही. पाच मिनिटं मी नुसती त्याच्याकडेच बघत होते.

सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "गिऱ्हाईक काय चाळीस कप पिणार आहे?"

"गिऱ्हाइकासाठी चार मापं ठरली होती. मी आठांवर नेलीत. मला चव कळत नव्हती म्हणून."

"हे बाहेर बोलू नका. तुमचंच नाव जाईल."

"मग जाऊ दे. खेप थांबवा आणि माझी सही काढा."

साहेबांनी डबा फिरवून सहीची बाजू भिंतीकडे केली आणि फोन उचलला. खेप थांबली. महिनाभर माझं आणि मुंगीचं चाखणं बंद, आम्ही दोघी नोंदवहीच्या कामाला. पोती मोजायला नाही पाठवलं, तेवढं खरं.

हे म्हणाले, "सही नसली तरी चहा तुझाच." आणि मग बॅटरी घेऊन आले.

२ सप्टेंबर, सोमवार

बाईंनी परवा तपासलं. मुंगीचं तोंड साफ. माझी जाळी डावीकडे गेली, उजवीकडे एक धागा उरलाय. तुकडा काढायची गरज सध्या नाही. चव मात्र पुरती आलेली नाही. येईल म्हणतात. मला शंका आहे, पण शंका मला कशाची नसते?

आज दोघी खोलीत परतलो. बारा कप मांडले, साधा चहा, कोमट. मी पहिल्या खुर्चीपाशी गेले आणि मुंगीला म्हटलं, "बस."

"ताई, वेडेपणा करू नका."

"बस म्हणते ना. मी शेरे लिहिते."

सातव्या कपाशी ती थांबली. सुर्रकन ओढला, फिरवला, थुंकला. परत ओढला. "याला धूर लागलाय, ताई. भट्टीत काहीतरी चुकलंय."

मी चमचा घेतला आणि ओढला. चांगला, स्वच्छ चहा. धूर नाही, धुराचा मागमूसही नाही. तिच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत माझ्या जिभेला जे लागलं नाही ते मी कधी वहीत जाऊ दिलेलं नाही. ही मला फसवत तर नाही ना, हेही मनात येऊन गेलं. इथं तरी खोटं कशाला लिहू?

"धूर लागलाय," मी मोठ्यानं म्हणत लिहिलं.

"पेन्सिल घ्या ना, ताई. चुकलं असलं तर?"

मी पेननंच लिहिलं आणि आठवा कप तिच्यापुढं सरकवला.

आज तोंडात घेतलं: बारा कप. सगळे थुंकले.